दुसऱ्यांदा विचारणाऱ्या बाई

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं तर मी एकच नाव घेईन. वत्सला दाणी. पांढुर्ण्याच्या शाळेत त्या आम्हाला गणित शिकवत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या आधीच्या कुणाला अर्ज भरता येत नव्हता. आज मी भोपाळमध्ये इंजिनिअर म्हणून नोकरी करतो आणि चार माणसं मला सर म्हणतात. यामागे बाई आहेत.

याच बाईंचा डावा पाय यंदाच्या हिवाळ्यात गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर दीड महिन्यानं त्या गेल्या. त्यात माझा वाटा आहे. तो किती, हे मला अजून नीट मोजता आलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

बाई ठेंगण्या होत्या आणि भराभर चालत. कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसत. कमरेला एक रुमाल खोचलेला असे आणि त्याच्या गाठीत खडूचा तुकडा. शाळेतला खडू ओला असतो, उमटत नाही, असं त्यांचं म्हणणं. बोलणं नागपूरचं. "काय करून राहिलास कळंबे?" असा त्यांचा आवाज वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत यायचा. आम्ही सारे आडनावानंच ओळखले जात होतो. गणेश हे माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी क्वचित वापरलं.

त्यांची एक सवय होती. महत्त्वाची गोष्ट त्या दोनदा विचारत. पहिल्यांदा सगळ्यांसारखं, तोंडाकडे बघून. जेवलास? अभ्यास झाला? घरी सगळं ठीक? उत्तर ऐकून मान डोलवत आणि दुसऱ्याच कामाला लागत. फळा पुसत, पेन्सिलीला टोक करत, वह्यांचा गठ्ठा सारखा करत. आपण सुटलो असं वाटायला लागलं की मान वर न करता, हळू आवाजात म्हणत, "आता खरं सांग."

त्या वेळी त्या आपल्याकडे बघत नसत. हे त्या सवयीतलं सर्वांत महत्त्वाचं होतं. ते कळायला मला वीस वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता.

माझे बाबा संत्र्याच्या पेट्या ठोकायचे. हंगामात व्यापाऱ्याच्या आवारात फळ्यांचे ढीग पडत आणि बाबा दिवसभर उकिडवे बसून खिळे मारत. नववीत असताना मी शाळेत जाणं बंद केलं आणि बाबांबरोबर बसू लागलो. आठवड्याभरानं बाई आवारात आल्या.

"कळंबे, पोरगा का येत नाही?" त्यांनी बाबांना विचारलं.

"त्याचंच मन नाई लागत बाई शाळेत," बाबा म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या. पण गेल्या नाहीत. एका पालथ्या पेटीवर बसल्या. शेजारी खिळ्यांचा डबा होता. त्यातले वाकडे खिळे वेगळे काढू लागल्या. बाबांना काय करावं कळेना. ते ठोकत राहिले, मी खिळे धरत राहिलो. वाकड्या खिळ्यांची छोटीशी रास झाली तेव्हा तिच्याकडेच बघत बाई म्हणाल्या, "कळंबे, आता खरं सांगा."

बाबांचा हातोडा थांबला. "दिसत नाई बाई," ते म्हणाले. "खिळ्याचं डोकं दिसत नाई. पोरगं धरते तवा मारतो. मालकाले समजलं त काम जाईन."

ही गोष्ट आईलाही माहीत नव्हती. बाबांच्या अंगठ्याचं नख काळं का, याचं उत्तर घरात प्रत्येकाला वेगळं दिलेलं होतं. पुढच्या पंधरवड्यात बाई बाबांना नागपूरला घेऊन गेल्या. मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया होईपर्यंत त्या बाहेर बाकावर वह्या तपासत बसल्या होत्या, असं बाबा सांगत. मी शाळेत परत गेलो. बाईंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. फक्त भूमितीच्या तासाला एकदा म्हणाल्या, "खिळा आणि रेघ, दोन्ही सरळच पाहिजेत, काय कळंबे?" त्याचा अर्थ वर्गात एकट्या मलाच कळला.

पुढे बाईंची बदली भोपाळला झाली. त्यांचे यजमान, दाणी काका, तिथल्या मोठ्या कारखान्यात तपासनीस होते. पिपलानीत त्यांना क्वार्टर होतं. मी इंजिनिअरिंगला भोपाळला आलो तेव्हा बाईंनी वसतिगृहावर निरोप पाठवला, रविवारी जेवायला ये. चार वर्षं मी दर रविवारी सिटी बसनं पिपलानीला जात होतो.

काका कमी बोलत. दिवसभर लोखंडाचे भाग मोजून त्यांना मोजायची सवयच लागली होती. पोळी उचलून म्हणत, "आज दोन मिलिमीटर जाड आहे."

"मग नापास करा आणि खा," बाई म्हणत.

पहिल्या सत्रात मी तीन विषयांत नापास झालो. बाईंना सांगितलं, तब्येत बरी नव्हती. त्यांनी ताटात डाळ निवडायला घेतली. खडे बाजूला होत गेले. मग तो प्रश्न आलाच. मी सांगून टाकलं की वर्गात इंग्रजीत काय शिकवतात ते मला एक अक्षर कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते. त्या दिवसापासून जेवणाआधी दोन तास पुस्तक उघडू लागलं. बाईंनाही त्यातलं सगळं येत नव्हतं. आम्ही दोघं मिळून शब्दकोशात बघत होतो.

आणखी एक रविवार सांगायला हवा. त्या दिवशी बाईंनी सगळं डाव्या हातानं वाढलं. उजवा हात पदराखाली होता. पोळ्या वाकड्या झाल्या होत्या आणि काका मोजत नव्हते. निघताना पदर सरला आणि मला मनगट दिसलं. सुजून दुप्पट झालं होतं.

"बाई, हे काय?"

"परवा न्हाणीत पडले. काही नाही, बरं आहे."

मी "बरं" म्हणालो आणि बसस्टॉपवर गेलो. दुसऱ्या दिवशी काकांनी जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. तीन दिवस त्या मोडक्या हातानं घर चालवत होत्या, आणि त्यातल्या एका दिवशी मी त्यांच्या हातचं पोटभर जेवून आलो होतो.

दुसऱ्याला दोनदा विचारणाऱ्या बाई स्वतः एकदाच उत्तर देत, आणि ते उत्तर ठरलेलं असे. काका गेले तेव्हाही तेच. लोक भेटायला येत, कशा आहात विचारत, बाई म्हणत, बरी आहे. लोकांना हायसं वाटे. मलाही वाटलं. त्यांना दुसऱ्यांदा विचारणारं घरात आता कुणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या नागपूरला. काही वर्षं त्या भोपाळातच, अवधपुरीत एकट्या राहिल्या, मग साखर वाढली, चक्कर येऊ लागली, आणि तिथल्याच एका वृद्धनिवासात त्या आपल्या पायांनी दाखल झाल्या. सामान दोन पेट्या. सोबत काकांचे तपकिरी लोकरी मोजे, चार जोड.

याच सुमारास मी एका छोट्या कंपनीत लागलो होतो. आमची कंपनी वृद्धनिवासांसाठी रोबो तयार करत होती. यंत्र बाहेरून यायचं. ते माणसांशी कसं वागेल, काय बोलेल, हे आम्ही ठरवायचं. साहेबांचं म्हणणं होतं की यंत्राला इथल्या माणसांच्या रीतीभाती यायला हव्यात. मराठी मंडळींसाठीची रीत लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण गटात मराठी मी एकटाच.

मी मन लावून लिहिलं. वयानं मोठ्यांना अहोजाहो. पुरुषांना काका, बायकांना मावशी, शिक्षिका असतील तर बाई. पूजा चालू असेल तर दाराशी थांबायचं. चतुर्थीला न्याहारीचं विचारायचं नाही. जेवताना तीनदा आग्रह करायचा, कारण आमच्याकडे पहिलं नको हे नको नसतं. हा नियम सगळ्यांना फार आवडला.

आणि एक नियम असा लिहिला: वडीलधाऱ्यांना तब्येतीबद्दल एकदाच विचारावं. त्यांनी बरं आहे म्हटलं की ते मान्य करावं.

गटात नाज़िया नावाची भोपाळचीच मुलगी होती. ती म्हणाली, "गणेश, मेरी नानी से तीन बार न पूछो तो वो बुख़ार में भी रोटियाँ बेलती रहें. रोटी के लिए तीन बार और दर्द के लिए एक बार?"

"हमारे यहाँ बड़ों से दोबारा नहीं पूछते," मी म्हणालो. "उन्हें लगेगा, झूठा समझ रहे हैं."

"बस, यही तो कल्चर है," साहेब म्हणाले, आणि नियम पक्का झाला.

ज्या माणसाचं सगळं आयुष्य एका दुसऱ्या प्रश्नावर उभं आहे, त्यानं असं कसं लिहिलं? मी स्वतःला हे खूपदा विचारलं आहे. मला वाटतं, उपकार आठवताना मी प्रश्न विसरलो होतो. दुसऱ्यांदा विचारलं जाणं म्हणजे पकडलं जाणं, असं माझ्या मनात कुठंतरी बसलं होतं. त्या आवारात बाबांची मान खाली गेलेली मी पाहिली होती. आपल्या यंत्रानं कुणा म्हाताऱ्या माणसाची मान तशी खाली घालू नये, असं मला वाटलं. हेतू चांगला होता. त्याचं मी काय करू?

पहिला रोबो चाचणीसाठी अवधपुरीच्या त्याच वृद्धनिवासात लागला. जागा मीच सुचवली होती. कमरेएवढा, पांढरा, खाली चाकं, वर गोल चेहरा. आला की हात जोडायचा आणि डोळ्यांत डोळे घालून बोलायचा. माहितीपत्रकात या डोळ्यांत डोळे घालण्याचं विशेष कौतुक होतं. तिथले बहुतेक रहिवासी कारखान्यातून निवृत्त झालेले. देशकर काका म्हणून एक जुने फोरमन होते, त्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, सुपरवायझर. "घ्या, आला राउंडवर," ते म्हणायचे. जेवणाच्या वेळी त्याचा आग्रह सुरू झाला की म्हणायचे, "पंक्तीत जावई बसलाय जणू, घ्या अर्धी, घ्या अर्धी."

बाईंनी त्याला मॉनिटर म्हणायला सुरुवात केली.

"नमस्कार बाई, आज कसं वाटतंय?"

"आलास का मॉनिटर हजेरी घ्यायला. उभा का? बस."

"मला बसता येत नाही, बाई."

"मग पाय दुखत असतील तुझे."

"मला पाय नाहीत, बाई."

"असं होय. मग सुखी आहेस."

त्याच्याकडून त्या एकोणतीसचा पाढा म्हणवून घेत. एकदा मला म्हणाल्या, "चुकत नाही रे मेला. चुकतच नाही तर त्याला शिकवायचं काय?"

रोबो रोज सकाळी प्रत्येकाला प्रश्न विचारी. झोप, जेवण, दुखणं, आणि साखर असेल त्यांना पाय. उत्तरं कचेरीतल्या पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात उमटत. बरं असेल तर हिरवा, नसेल तर लाल. रोबो येण्याआधी रजनी नावाची सेविका साखर असलेल्यांचे पाय रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं धुऊन, पुसून बघायची. रोबो आल्यावर तिला दुसरी कामं लागली. रोबो रोज विचारतोच आहे, मग पाय आठवड्यातून एकदा बघितले तरी चालतील, असं ठरलं. त्या निर्णयाचा कागद माझ्यासमोर आला होता. मला त्यात हरकत घेण्यासारखं काही दिसलं नाही.

मी एक शनिवार आड तिथं जात असे. आधी कचेरीत पडदा बघायचा, मग बाईंकडे. जानेवारीतल्या त्या शनिवारीही तसंच केलं. सगळं हिरवं होतं. बाई व्हरांड्यात उन्हात बसल्या होत्या. काकांचे मोजे घातलेले, डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतलेला.

"कसा आहेस?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे, बाई."

त्यांनी कमरेचा रुमाल काढला. त्याची गाठ सोडली, घडी केली, पुन्हा मोडली. रुमालाकडेच बघत म्हणाल्या, "आता खरं सांग."

मी सगळं सांगितलं. महिनाअखेर साहेब लोक या घरातल्या सगळ्या नोंदी तपासणार. पसंत पडलं तर काम पुढे, नाहीतर आमचा गट बंद. बाबांना आता इकडे आणलंय, त्यांचे डोळे पुन्हा गेलेत. नोकरी गेली तर त्यांना घेऊन मी कुठं जाऊ?

"आत्तापर्यंत कसं आहे तुझं?" बाईंनी विचारलं.

"सगळं हिरवं आहे बाई. असंच राहिलं तर होईल."

"लाल किती?"

"एकही नाही."

"छान," त्या म्हणाल्या. पैकीच्या पैकीचा पेपर परत देताना म्हणत, तसंच.

मी जे म्हणालो ते चुकीचं होतं. वेळेवर लाल ठिपका दाखवणं हेच तर त्या यंत्राचं काम. लाल आला असता, इलाज झाला असता, तर साहेबांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण मी घाबरलेल्या पोरासारखं बोललो, आणि बाईंनी जन्मभर लाल शाईनं पेपर तपासले होते. त्यांच्या लेखी लाल म्हणजे चूक, आणि जास्त लाल म्हणजे नापास.

"थंडी वाजते का बाई?" मी मोज्यांकडे बघून विचारलं.

"नाही रे. बरं आहे."

माझं मन हलकं झालं होतं. मी निघालो.

अकराव्या दिवशी रजनीचा फोन आला, बाईंना दवाखान्यात नेलं. सकाळी अंथरुणातून उठताना त्या पडल्या, मोजा काढला तेव्हा सगळ्यांना दिसलं. टाचेची जखम. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात रजनी भिंतीला टेकून उभी होती.

"मैंने मोज़ा देखा था सर," ती म्हणाली. "चिपका हुआ था, बास आ रही थी. मैडम बोलीं, किसी को मत बोल, ये महीना निकल जाने दे. मैंने सोचा पढ़ी-लिखी हैं, अपना समझती होंगी. मोज़ा धो के दे देती थी."

"रोबो में लिखवा देतीं," मी म्हणालो.

"रोबो तो उन्हीं से पूछता है सर. मुझसे कौन पूछता है."

हा महिना निघून जाऊ दे. हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. बाईंनी पाय माझ्यासाठी लपवला का? की त्यांच्या नेहमीच्या सवयीनं लपवला आणि महिन्याचं बोलणं सहज निघालं? मला कळत नाही. आठवड्यातून एकदा पाय बघायच्या दिवशीही त्यांनी रजनीला परत पाठवलं होतं, आज आंघोळीत धुतलेत म्हणून. यातली पहिली वेळ माझ्या भेटीच्या आधीची होती. म्हणजे जखम आधीच झालेली असणार. त्यानं मला थोडा दिलासा मिळायला हवा. मिळत नाही.

कचेरीत बसून मी त्या दिवसांतले आवाज ऐकले. सगळं साठवलेलं असतं. "पाय कसा आहे, बाई?" "बरा आहे." रोज तेच. पण प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला वेळ रोज थोडा वाढत गेला होता. आधी लगेच उत्तर होतं. मग एक श्वास. शेवटच्या दिवसांत एवढी शांतता होती की मागं कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज स्पष्ट येतो, मग पाखरं, मग बाई म्हणतात, "बरा आहे." यंत्राला ती शांतता मोजता येत होती. तिचं काय करायचं, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

महिनाअखेर साहेब लोक आले. बाईंच्या रांगेत शेवटी राखाडी ठिपके होते, म्हणजे दवाखान्यात. बाकी सगळं हिरवं. काम पुढे चालू राहिलं. माझी नोकरी टिकली.

मी तो नियम काढायला लावला. आता रोबो दुसऱ्यांदा विचारतो. पण कुणी बरं आहे म्हटलं की तो तिथंच, त्याच आवाजात, डोळ्यांत डोळे घालून म्हणतो, खरं सांगा. देशकर काका त्याच्यावर ओरडले, "एकदा सांगितलं ना बे. पोलीस आहेस का?" आता ते त्याला बघून पाठ फिरवतात. नाज़िया म्हणाली, "इसे पहले नज़र हटाना सिखाओ." ते अजून जमलेलं नाही. मधला वेळ किती सोडायचा, त्या वेळात हातांनी काय करायचं, हे मला लिहून काढता येत नाही. बाईंना विचारायला हवं होतं.

शस्त्रक्रियेनंतर बाईंना वृद्धनिवासात परत आणलं. मी शेवटचा गेलो तेव्हा दुपार होती. पुतण्या खिडकीशी फोनवर बोलत उभा होता. पांघरूण डावीकडे अर्ध्यातच सपाट झालं होतं. रजनीनं त्यांची वेणी घातली होती. त्यांना ज्वर होता. पण ओळखलं.

"जेवलास?" त्यांनी विचारलं.

"हो बाई."

मी जेवलो नव्हतो. दोन दिवस जेवण जात नव्हतं. त्यांची बोटं चादरीवर हलायला लागली. काहीतरी वेचल्यासारखी, बाजूला काढल्यासारखी. डाळ असेल किंवा खिळे. मी ओळखलं, आता येईल. मी वाट बघत उभा राहिलो. बोटं हलत राहिली, मग हळूहळू थांबली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं." आणि डोळे मिटले. त्यांनी मला तसंच, पहिल्याच उत्तरावर सोडलं, असं कधी झालं नव्हतं.

पुतण्यासमोर मला काही विचारता आलं नाही. घरी येऊन मी पत्र लिहिलं. रोबो पत्रं छान वाचून दाखवतो, शुद्ध मराठीत. पण ते मी रजनीकडे दिलं. तिला मराठी बोलता येत नाही, अक्षरं तीच असल्यानं अडखळत वाचता येतं. तिला सांगितलं, कपड्यांच्या घड्या करता करता वाच, आणि वाचताना त्यांच्याकडे बघू नकोस. तिनं गुरुवारी वाचलं. बाई ऐकून म्हणाल्या, दोबारा पढ़. तिनं पुन्हा वाचलं. मग बाई बराच वेळ छताकडे बघत होत्या. त्या काही बोलल्या का, असं मी रजनीला विचारलं. ती म्हणाली, "होंठ हिले थे सर. आवाज़ नहीं आई." रविवारी त्या गेल्या.

आधी कच्चं लिहा आणि मग पक्कं, ही बाईंचीच शिकवण. म्हणून पत्राचा कच्चा कागद माझ्याकडे राहिला आहे. तो असा:

ती. बाईंस,

साष्टांग नमस्कार.

तब्येत कशी आहे? तुम्ही म्हणाल, बरी आहे. ते मी ऐकलं.

इकडे सगळं ठीक आहे. बाबा बरे आहेत. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण परवा त्यांनी माझ्या टेबलाचा हलणारा पाय नुसता हातानं चाचपून ठोकून दिला. एकही खिळा वाकला नाही. तुमची चौकशी करत होते. तुमच्या पायाचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

माझी नोकरी राहिली. तुम्हाला ते ऐकून बरं वाटेल म्हणून लिहितो. पण एक गोष्ट मी त्या दिवशी चुकीची सांगितली. लाल ठिपका आला असता तर मी नापास झालो नसतो. उलट पास झालो असतो. हे मी तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं. तुम्ही मला कुठलंही गणित अर्धं समजावलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. मॉनिटरनं तुम्हाला रोज एकदाच विचारावं, हा नियम मी लिहिला होता. कंपनीनं नाही, मी. तुमचा विद्यार्थी असून लिहिला. त्या शनिवारी मी समोर बसलो होतो तेव्हाही मी एकदाच विचारलं. मनगटाच्या वेळीही एकदाच.

मी आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, जेवलास? मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो, बाई. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत तरी सांगतो.

आता मी पेन्सिलीला टोक करतो आहे. चाकू बोथट आहे, वेळ लागतोय. टोक दोनदा मोडलं. खाली कागदावर भुसा पडतोय, मी त्याच्याकडेच बघतो आहे. तुमच्याकडे बघत नाही.

पाय कधीपासून दुखत होता, बाई? आणि महिना निघून जाऊ दे, असं तुम्ही कुणासाठी म्हणालात?

आता खरं सांगा.

तुमचा विद्यार्थी,
गणेश कळंबे